सही करण्यापूर्वी : वाट्याची जमीन आणि वीटभट्टी

या सदरात आपण विम्याच्या पावत्यांपासून बँकेतल्या वारसनोंदीपर्यंत पुष्कळ कागद चाळले. आज जरा लांबचा वाटेल असा विषय काढते आहे. "आम्ही शहरात राहणाऱ्या, आम्हांला शेतजमिनीचे कायदे काय करायचेत?" असे म्हणून पान उलटू नका. आपल्यापैकी कितीजणींचे नाव माहेरच्या सातबारावर आहे, हे कितीजणींना ठाऊक आहे? मलाही ते नीट ठाऊक नव्हते. दिवाळीपूर्वीच्या एका बुधवारी ते कळले.

दुपारची शाळा आटोपून मी घरी आले, तर धाकटा भाऊ बाहेरच्या खोलीत बसलेला. पुण्याहून गावी जाऊन परत निघाला होता. चहा ठेवते म्हटले, तर म्हणाला, "ताई, बसायला वेळ नाही. नुसती एक सही दे. आईची झाली आहे." आणि स्टँपपेपर माझ्यापुढे सरकवला.

वडील जाऊन सहा वर्षे झाली. कोरेगावच्या पुढे आमची दोन एकर जमीन आहे. खरिपात वाघ्या घेवडा, रब्बीला ज्वारी. वडील गेल्यावर सातबारावर तिघांची नावे लागली : आई, भाऊ आणि मी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगी ही मुलाइतकीच वारस, म्हणून माझे नाव आपोआप चढले. मी त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. जमीन करतात ते आमचे तात्या. रक्ताचे नाते नाही, पण वडिलांच्या हयातीपासून नऊ वर्षे तेच कसताहेत. पीक निम्मेनिम्म. कागद काही नाही.

भावाने आणलेला कागद होता रस्त्याकडच्या एक एकराचा. तीन वर्षांसाठी वीटभट्टीला. वर्षाला पन्नास हजार रुपये. तात्यांच्या वाट्यातून आईच्या हातात पडते त्याच्या दुपटीहून जास्त. भावाचे फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, आईच्या गुडघ्याचे औषध चालू आहे. पैसे कोणाला नको असतात?

मी पेन उघडलेही होते. पण पोरांचे पेपर तपासून सवय अशी लागली आहे की, हातात कागद आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय राहवत नाही. सहाव्या कलमात लिहिले होते, "सदर जमिनीच्या बिगरशेती वापरास जमीनधारकांची पूर्ण संमती आहे. त्यापोटी येणारा शासकीय कर, दंड वगैरे जमीनधारकांनी भरावयाचा आहे." आणि आठव्या कलमात, "भाडेकरूस आवश्यक तेवढी माती वापरण्याचा हक्क राहील."

मी पेनचे टोपण लावले. "मला आठ दिवस दे," म्हणाले. भावाचा चेहरा उतरला. "ताई, तू प्रत्येक गोष्टीत शाळा काढतेस," असे म्हणून तो चहा न घेताच उठला. बहिणीच्या घरून भाऊ चहा न घेता गेला, की कसे वाटते ते मी तुम्हांला सांगायला नको.

त्या आठ दिवसांत मी तहसील कार्यालयात दोन चकरा मारल्या, ओळखीच्या एका वकीलबाईंना भेटले, आणि कायद्याची पुस्तके आणून वाचली. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवते.

दंडाची नोटीस कोणाच्या दारात येते?

शेतीसाठी आकारणी झालेली जमीन दुसऱ्या कामाला वापरायची, तर त्याला आपण 'एन.ए. करणे' म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा त्याचा मूळ कायदा. त्या कायद्याच्या ४४ व्या कलमात परवानगीचा अर्ज घातला, तेव्हाच एक मोठी शहाणपणाची अट घातली गेली. अर्ज जमीनधारकाने केला तर कुळाची संमती हवी, आणि कुळाने केला तर जमीनधारकाची संमती हवी. म्हणजे खंडाच्या जमिनीचा उपयोग बदलताना दोघांपैकी एकाने दुसऱ्याला अंधारात ठेवायचे नाही.

पुढचे ४५ वे कलम दंडाचे. परवानगीवाचून वापर बदलला, तर जमीनधारक किंवा त्याच्यामार्फत जमीन वापरणारा माणूस दंडाला पात्र होतो. शिवाय वापर बंद करून जमीन पूर्ववत करण्याचा हुकूम निघू शकतो. आता भट्टीवाला हंगाम संपला की पालापाचोळ्यासारखा उडून जाणार. सातबारावर नाव कोणाचे? आईचे, भावाचे आणि माझे. मग पोस्टमन कोणाचे दार वाजवील, ते सांगायला ज्योतिषी नको.

पण माझे डोळे खरे उघडले ते ४६ व्या कलमाने. कुळाने किंवा भाडेकरूने जमीनधारकाच्या संमतीवाचून जमिनीचा गैरवापर केला आणि त्यापायी जमीनधारकाला दंड बसला, तर तो भाडेकरू जमीनधारकाला नुकसानभरपाई द्यायला जबाबदार असतो. 'संमतीवाचून' हा शब्द मनात पक्का धरा. आमच्या कागदातल्या सहाव्या कलमाने आम्ही आधीच संमती लिहून देत होतो. म्हणजे कायद्याने आमच्या हाती दिलेली ढाल आम्हीच आपल्या सहीने भट्टीवाल्याला देऊन मोकळे होणार होतो. आणि वर दंडही आम्हीच भरणार, असे कबूल करणार होतो!

मैत्रिणींनो, आपल्याला वाटते की आपली सही म्हणजे एक उपचार. घरातल्या पुरुषांनी ठरवले, आपण फक्त खाली नाव लिहायचे. पण तशी ती असती, तर ती घ्यायला भाऊ पुण्याहून वाट वाकडी करून आला असता का?

सगळेच बंद नाही

आता याचा अर्थ शेतात शेड म्हटली की गुन्हा, असा मुळीच नाही. शेतावर विहीर खणणे, औजारे, खत, कडबा ठेवायला खोली बांधणे, धान्य साठवायला कोठार, गुरांचा गोठा, राखणीला राहणाऱ्या माणसाचे घर या गोष्टी कायद्याने शेतीच्याच मानल्या आहेत. महसूल संहितेच्या ४१ व्या कलमात जमीनधारकाला, त्याच्या नोकराला आणि कुळालाही ही मुभा आहे. मात्र महानगरपालिका-नगरपालिकांच्या जवळपास अशा बांधकामालाही आधी परवानगी लागते. म्हणून शहराच्या कडेला जमीन असेल, तर विचारूनच पाया खणा.

कूळ कायदाही दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, गुरांची पैदास यांना 'शेतीला जोडून असलेले धंदे' म्हणतो. तेव्हा कुळाने चार म्हशी बांधल्या म्हणून त्याला कोणी हुसकावू शकत नाही. वीटभट्टी, गोदाम, मंगलकार्यालय, ढाबा, गॅरेज या मात्र बिगरशेतीच्या गोष्टी. शेतीपंपाची वीज त्यांच्यासाठी वापरली, तर २००३ च्या विद्युत कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली तोही अनधिकृत वापर ठरतो. जोडणी ज्याच्या नावे, त्याच्या डोक्याला ताप.

अलीकडच्या काळात सरकारने एन.ए.ची वाट बरीच सोपी केली आहे. २०१४ आणि २०१७ मध्ये कायद्यात ४२-अ, ब, क, ड अशी नवी कलमे आली, आणि विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत ज्या कामासाठी पट्टा दाखवला आहे त्या कामासाठी, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या राहत्या वापरासाठी, पूर्वीसारखे जिल्हाधिकाऱ्यांकडे खेटे घालण्याचे कारण उरले नाही. त्यानंतरही नियम बदलत आले आहेत. म्हणून शेजारणीने पाच वर्षांपूर्वी काय केले, यावर जाऊ नका. आपल्या गट नंबरासाठी आज काय लागते, ते तहसीलात विचारा, आणि उत्तर लेखी मागा. परवानगीची पद्धत सैल झाली, तरी भाडेकरूने मालकाची संमती घेण्याची आणि मालकाने कुळाचा हक्क मानण्याची गरज काही सैल झालेली नाही.

भट्टीचे वेगळेच गणित

वीटभट्टीत नुसता जमिनीचा वापर बदलत नाही, जमीनच उचलून नेली जाते. माती हे गौण खनिज. ते काढायला वेगळी परवानगी लागते आणि सरकारला स्वामित्वधन भरावे लागते. २०१३ चे महाराष्ट्र गौण खनिज नियम त्यासाठी आहेत. विनापरवाना उत्खननाला महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली काढलेल्या मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वस्तीपासून नि फळबागांपासून अंतर, हे निराळेच.

एके रात्री निजानीज झाल्यावर मी एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. तुम्हीही मांडून पाहा, पाचवीच्या मुलाला जमेल असा आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तीन फूट माती उचलली, तर १,३०,६८० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे जवळजवळ १,३०७ ब्रास माती. तीन वर्षांचे मिळून आम्हांला मिळणार दीड लाख. भागाकार केला तर ब्रासला एकशे पंधरा रुपयेसुद्धा पडत नाहीत! आम्ही जमीन भाड्याने देत नव्हतो. आम्ही माती विकत होतो, आणि तीही रद्दीच्या भावाने. भाड्याने दिलेली वस्तू मुदत संपली की परत येते. इथे परत येणार होता तीन फुटांचा खड्डा. पावसाळ्यात तळे, उन्हाळ्यात भेगा. वरची सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, ती काही गाडीभर शेणखताने भरून येत नाही.

तात्यांचे काय?

आता जरा अवघड भागाकडे येते. हे सारे वाचताना मला लाज वाटली ती याची की, कागदावर तात्यांचे नावच नव्हते. त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

आमच्याकडे लागू असलेला कूळ कायदा १९४८ चा. 'कसेल त्याची जमीन' हे त्याचे सूत्र, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवसापासून कूळ हे मालक मानले गेले. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. तो घरचा माणूस असेल किंवा मजुरीवरचा गडी असेल तर नाही. पण मजुरी म्हणून पिकाचा वाटा देत असाल, तर तो गडी आहे असे म्हणता येत नाही. आमचा व्यवहार नेमका निम्म्या वाट्याचा. 'कागद नाही म्हणजे कूळ नाही' असे गावोगाव लोक समजतात, ते खरे नाही. आणि माणूस कूळ आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मामलेदाराचा, म्हणजे आजच्या तहसीलदाराचा. दिवाणी कोर्टाचा नव्हे.

विधवा बाईच्या जमिनीला या कायद्यात थोडे संरक्षण आहे. तिने गड्याकरवी किंवा कुळाकरवी जमीन कसली, तरी ती स्वतः कसते असे मानतात. पण घरात इतर हिस्सेदार असतील आणि तिचा हिस्सा वेगळा वाटून निघालेला नसेल, तर या सवलतीवर विसंबून राहू नका. आमचा हिस्सा कुठे वाटला गेला आहे?

आणि कुळाला काढायचे म्हटले, तरी त्याचे ठरलेले मार्ग आहेत. चौदाव्या कलमात कारणे दिली आहेत : खंड ३१ मेपूर्वी न देणे, जमिनीचे कायमचे नुकसान करणे, पोटकूळ लावणे, स्वतः न कसणे, आणि शेती व जोडधंद्यांखेरीज दुसऱ्या कामाला जमीन वापरणे. यांपैकी काही घडले, तरी तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. तात्यांनी यातले काहीच केले नव्हते. उलट गंमत पाहा. जे कृत्य कुळाने केले तर त्याची जमीन जाते, तेच कृत्य आम्ही मालक म्हणून करायला निघालो होतो, आणि कुळाला न विचारता.

काही जणी म्हणतील, "अगं, पण असे कायदे वाचून तू कुळाच्याच हातात कोलीत दिलेस." हे मी घरीही ऐकले. पण कायदा आपण वाचला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. तात्यांचा मुलगा बारावी झाला आहे. त्यालाही वाचता येते.

दुसऱ्या बाजूने पाहा

आपल्यापैकी कित्येकजणी जमीन देणाऱ्या नसून घेणाऱ्या असतील. आमच्या आळीतल्या चार वहिनींनी बचत गटातून पैसे उभे केले आणि हमरस्त्याला लागून दहा गुंठे घेतले भाड्याने. मसाला कांडपाचे यंत्र, पापड वाळवायला पत्र्याची शेड. चाळीस हजार अनामत. सहा महिने धंदा झोकात चालला. मग एक दिवस एक अनोळखी गृहस्थ आले नि म्हणाले, "ही जमीन माझी. तुम्ही कोण?" ज्याच्याशी करार केला होता तो मालक नव्हताच, कूळ होता. आणि कुळाला पोटभाड्याने जमीन देण्याची मनाई आहे, ती २७ व्या कलमात. कुळाचा हक्क धोक्यात आला, मालक संतापला, आणि वहिनींची शेड उतरली. अनामतीतले निम्मे अजून यायचे आहेत. त्यातल्या एकीने मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवल्या होत्या, हे मला फार उशिरा कळले.

सातबारा पाहिला असता, तर हे टळले असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. पंधरा रुपयांत कोथिंबिरीची जुडीसुद्धा कधी कधी येत नाही!

तेव्हा जमीन देणाऱ्या असा की घेणाऱ्या, सही करण्यापूर्वी एवढे पाहा :

१. सातबारावर मालक म्हणून कोणाकोणाची नावे आहेत? सगळ्यांच्या सह्या हव्यात. लेकी-बहिणींच्यासुद्धा.

२. 'कुळाचे नाव व खंड' आणि 'इतर हक्क' या जागी काय लिहिले आहे? पिकाच्या पाहणीत कोणाचे नाव लागते?

३. जमीन भोगवटादार वर्ग एकची आहे की दोनची? वर्ग दोन असेल, तर सरकारच्या अटी असतात. कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीवर ४३ व्या कलमाचे बंधन असते. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर विक्रीपूर्वी परवानगी लागत नाही, पण तिथेही आकाराच्या चाळीसपट रक्कम भरणे, घेणारा शेतकरी असणे अशा अटी आहेतच.

४. जमीन कोणत्या पट्ट्यात येते? शेतीच्या, राहण्याच्या की उद्योगाच्या? नगररचना कार्यालयातून झोन दाखला मिळतो.

५. करारात वापर कोणता ते नेमके लिहा. 'योग्य त्या कामासाठी' असले मोघम शब्द नकोत. परवानगी कोणी काढायची, कर नि दंड कोणी भरायचा, मुदत संपल्यावर जमीन कशा स्थितीत परत द्यायची, माती-मुरूम उचलायचा नाही, हे स्पष्ट घाला.

६. बिगरशेतीचा भाडेपट्टा वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. आमचा तीन वर्षांचा करार नुसता नोटरीपुढे व्हायचा होता!

विदर्भ आणि मराठवाड्यातल्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावे की, कूळ कायदा तुमच्याकडे वेगळा आहे : विदर्भात १९५८ चा, आणि मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा. कलमांचे आकडे जुळणार नाहीत. आणि गोव्यातल्या वाचकभगिनींसाठी तर नियम आणखी कडक आहे. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाकडे आलेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कशालाही वापरू नये, असा १९९१ चा खास कायदाच तिथे आहे.

मग आमच्याकडे काय झाले?

नवव्या दिवशी मी गावी गेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिला कलमे सांगत बसले नाही. तो हिशेबाचा कागद वाचून दाखवला. मातीचा, ब्रासला एकशे पंधरा रुपयांचा. तिचा हात परातीतच थांबला. "म्हंजे माती परत न्हाई यायची?" तिने विचारले. नाही म्हणाले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बापानं तिथला एकेक दगड येचलाय गं." मी विचारले, "मग सही का केलीस?" तर म्हणाली, "त्यानं सांगितलं, ताईनं केलीया."

भावाने तिला माझे नाव सांगितले होते आणि मला तिचे. दोघींनी एकमेकींवर विश्वास टाकून डोळे मिटले असते! मला त्याचा राग आला, खोटे कशाला सांगू. पण हप्त्यांनी पिचलेल्या माणसाला सोपी वाट दिसली की तो इकडेतिकडे बघत नाही, हेही मला कळते.

भट्टीवाल्यांना नकार कळवला. दिलेले पाच हजार विसार परत केले. ते मी माझ्या शाळेच्या पगारातून भरले, कारण विसार खर्च होऊन गेला होता. तात्यांना बोलावून वाट्याचा व्यवहार कागदावर मांडला, त्यांच्या नावासकट. वकीलबाईंनी आधी बजावले होते, "याने त्यांचा हक्क पक्का होईल, विचार करा." विचार केला. नऊ वर्षे ज्याने राबून निम्मे धान्य दारात आणून टाकले, त्याचे नाव लपवून आईला रात्री झोप लागली नसती. तात्या कागदावर अंगठा उठवून नुसते म्हणाले, "आक्का, रस्त्याकडंला औंदा घेवडा बरा हाय." बाकी काही नाही.

भाऊ दोन महिने बोलला नाही. भाऊबीजेला आला, उशिरा आला, ओवाळून घेतले. ताटात घालायला म्हणून पाकीट पुढे केले, तेव्हा मी म्हटले, "हप्त्याला ठेव." तो हसला नाही, पण या खेपेला चहा घेऊन गेला. पुढचा कागद तो मला आधी दाखवील की नाही, ते आज मी सांगू शकत नाही. मी मात्र एक केले आहे. सातबाराची नवी प्रत काढून आईच्या ट्रंकेत एक नि माझ्या कपाटात एक ठेवली आहे.

तुम्हीही या आठवड्यात एवढे करा. माहेरचा नि सासरचा सातबारा काढा, त्यावर आपले नाव आहे का पाहा, आणि जमीन कोण कसते ते विचारा. त्याला वाटणी मागणे म्हणत नाहीत. आपल्या नावावर काय आहे, हे ठाऊक असणे म्हणतात. आणि कोणी "नुसती सही कर" म्हणाले, तर त्याला आधी चहा ठेवा. चहा उकळेपर्यंत कागद वाचून होतो.